दिवा लावला की रंग गेले पाहिजेत

दिवा लावल्यावर रंग जायला हवे होते. ते गेले नाहीत, उलट पसरले. खोलीत मी एकटीच होते, हात अजून बटणावर होता, आणि खरी भीती मला पहिल्यांदा वाटली ती तेव्हा.

मी जुन्या दिव्यांच्या काचेच्या शेड जमवते. सगळ्या नाही. पेट्रोल सांडलेल्या पाण्यावर येतात तसे रंग ज्यांच्या अंगावर खेळतात, त्याच. पूर्वी परदेशात तापलेल्या काचेवर धातूचे क्षार फवारून ही झाक आणत. तिथून हौशी लोकांनी त्या इकडच्या हवेल्यांत आणि बंगल्यांत आणवल्या. आता घरं वाटली जातात, दिवे बदलतात, आणि शेड एकेक करून जुन्या बाजारात येतात. त्यांच्याबरोबर नकलाही येतात, पुष्कळ.

हा नाद मला नोकरीतून लागला. मी विमा कंपनीत दावे तपासते. जयपूरला बदली होऊन आल्यावर एका हॉटेलच्या फुटलेल्या झुंबराचा दावा माझ्याकडे आला. काच जुनी आहे असं हॉटेलवाल्याचं म्हणणं, नवी आहे असा माझा संशय. मग मी काच कशी ओळखायची ते शिकले. दावा नामंजूर झाला आणि काच माझ्या डोक्यात राहिली.

ओळखायच्या खुणा फार नाहीत. पितळी कडी बसते तिथे शेडची कड बघायची. जुनी असेल तर ती दगडावर घासलेली असते, बोटाला खरखरीत लागते. शेड टेबलावर उपडी ठेवायची. हाताने फुंकलेली असेल तर थोडी डुगडुगते. नव्या नकलेचे रंग साबणाच्या फुग्यासारखे सगळीकडे सारखे आणि भडक, तर जुन्याचे मऊ, मध्येच विरलेले. कडेला नख लावून रंग निघाला तर तो रंगच, झाक नव्हे. आणि शेवटची खूण म्हणजे खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरायचा. उजेड बाहेरून पडला की झाक दिसते. आत दिवा लावला, उजेड काचेतून आरपार आला, की ती जाते आणि काचेचा मूळ रंग तेवढा उरतो. दिवा लावला की रंग गेले पाहिजेत. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही खऱ्या शेडने हा नियम मोडलेला नव्हता.

जमवणाऱ्यांचा आणखी एक नियम आहे, तो काचेचा नाही, माणसांचा. आवडलेली वस्तू दुकानात आवडली म्हणायची नाही. चेहरा कोरा ठेवायचा, भलत्याच वस्तूची चौकशी करायची, आणि हवी ती जाता जाता उचलायची.

चारदिवारीत, म्हणजे जुन्या शहरात, एका दुकानदाराकडे मी नेहमी जाते. म्हातारा आहे, पान खातो, आणि मी विमावाली आहे हे त्याला ठाऊक असल्यामुळे फार खोटं बोलत नाही. दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे नवा आलेला माल जमिनीवर पडलेला असतो. थंडी सुरू झाली होती. मी त्या खोलीत वाकून, मोबाईलचा टॉर्च लावून बराच वेळ एकेक तुकडा पाहत होते. भुवईच्या वर ठणकत होतं, पण वाकून बसलं की ठणकतंच, असं मी धरून चालले.

एका टोपलीत घंटेच्या आकाराची पांढरी दुधी शेड होती. टॉर्च तिरका धरला आणि मी आणखी खाली वाकले. उजेड पडला होता त्याभोवती निळसर, जांभळी कड होती, आणि तिच्याबाहेर तांबूस. पांढऱ्या काचेवर मोत्यासारखी झाक असलेल्या शेड असतात हे मी वाचलं होतं, पण हातात कधी आली नव्हती.

मी चेहरा कोरा केला.

"ये क्या है?" मी कंटाळल्यासारखं विचारलं.

"वो? वो तो सादा है मॅडमजी. आपके काम का नहीं."

"बाथरूम के लिए चाहिए."

"बाथरूम!" तो हसला. "ले जाइए. बाथरूम में तो अच्छा लगेगा."

मला वाटलं, याला कळलेलंच नाही. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मी मनातल्या मनात नाचले. आता कळतं, तो मला खरं तेच सांगत होता. मी रंगांबद्दल अवाक्षर काढलं असतं तर त्याने तिथेच सांगितलं असतं की रंगबिंग काही नाहीत. पण न बोलणं हाच तर आमचा कायदा.

सकाळी मी ती कोमट पाण्याने धुतली आणि गच्चीत उन्हात धरली. पांढरी. फिरवून, तिरकी करून, डोळे बारीक करून पाहिली. पांढरीच. कड घासलेली होती, टेबलावर डुगडुगतही होती, म्हणजे जुनी होती. पण पांढरी.

संध्याकाळी नवरा बँकेतून आला आणि लेक कॉलेजातून. मी हॉलमधला दिवा घालवला, टॉर्च लावला, आणि रंग पुन्हा होते. कालच्यापेक्षा जास्त.

"बघा," मी म्हणाले.

दोघं वाकले. नवऱ्याने चष्मा वर केला, खाली केला. लेक जमिनीवर बसली.

"काय बघायचं?" नवरा म्हणाला.

"रंग. उजेडाच्या भोवती. निळा, मग बाहेर तांबडा."

"आई, ही तर दूधवाली काच आहे ना. साधी." लेकीचं मराठी असंच आहे. ती चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो, घराबाहेर ती हिंदीच बोलत वाढली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. मतलब, सच्ची काही नाहीये."

नवरा उठला. "दुकानदाराने सादी म्हणून दिली, धुतल्यावर सादी निघाली, आम्हा दोघांना सादी दिसतेय. हिला मात्र मोर दिसतोय. उद्या असा दावा कुणी तुझ्या टेबलावर आणला तर काय करशील गं?"

"नामंजूर करेन," मी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. पण मी खोटं बोलत नव्हते आणि ती दोघंही खोटं बोलत नव्हती, हे हसता हसताच माझ्या लक्षात आलं.

ती दोघं स्वयंपाकघरात गेल्यावर मी शेड आतल्या खोलीतल्या रिकाम्या होल्डरला अडकवली. बाकीचे दिवे बंद केले आणि बटण दाबलं. आता काच नुसती पांढरी उजळायला हवी होती. रंग शेडवर नव्हतेच. शेडपासून चांगलं हातभर अंतर सोडून हवेत एक गोल कडं उभं होतं, आतून निळं, बाहेरून तांबडं. मी डावीकडे सरकले तर तेही सरकलं.

काचेची झाक काचेला धरून असते. माणसाबरोबर चालत नाही.

मी हाताने डावा डोळा झाकला. कडं होतं. उजवा झाकला. कडं गेलं. साधी, पांढरी, जुनी, बाथरूमच्या लायकीची शेड समोर जळत होती. पुन्हा डावा झाकला आणि कडं परत आलं. तपास पूर्ण झाला होता. खोट काचेत नव्हती.

माझ्या वडिलांना काचबिंदू होता. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही, किंवा त्यांनाच उशिरा कळला. कराडच्या घरात ते दाराच्या चौकटीला खांद्याने धडकत आणि चौकटीला शिव्या देत, एवढंच आम्हाला आठवतं. शेवटची काही वर्षं ते ताटातली भाजी बोटांनी चाचपून जेवले. आमटीची वाटी कुठे आहे हे आई त्यांचा हात धरून दाखवायची. जेवताना ते बोलत नसत. मी माहेरी गेले की त्यांच्या समोर बसायचं टाळून शेजारी बसत असे, कारण समोर बसलं की ते माझ्या कानाशेजारी बघत.

मी दिवा घालवला नाही. अंधाराची भीती वाटली. आयुष्यभर अंधार करून काच पाहिलेली बाई मी, दिवा चालू ठेवून बाहेर आले आणि पोळ्या लाटायला बसले.

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला, सोमवारची वेळ मिळाली. घरी मी एवढंच म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. मधल्या दिवसांत मी ऑफिसात कामं केली आणि कुणाला काही कळू दिलं नाही. पण जाता येता एक डोळा मिटून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. चौकट दिसली की खांदा आपोआप आत घेत होते. सकाळी सगळं लख्ख दिसे. तेव्हा वाटे, थकवा असेल, वेळ रद्द करून टाकावी. संध्याकाळी पहिला दिवा लावायच्या आधी मी डोळे मिटायची आणि मग हळूच उघडायची.

रविवारी मला सर्दी झाली. गोळी घेतली. संध्याकाळी उजव्या भुवईत कुणी खिळा ठोकतंय असं दुखायला लागलं, आणि मग उलटी झाली.

"पित्त झालंय," नवरा म्हणाला. आमच्या घरात अर्धं डोकं दुखणं आणि उलटी म्हणजे पित्त, यात चर्चा नसते. त्याने कोकम सरबत केलं, पडदे ओढले, दिवा घालवला. "अंधारात पड जरा. झोप लागली की उतरेल."

मला माहीत होतं ते पित्त नाही. पण मला पित्तच हवं होतं. म्हणून मी पडले. अंधारात दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, डोळा आतून फुगवल्यासारखा दगड झाला. मी उशाचा दिवा लावला. दिव्याच्या जागी धुकं होतं आणि धुक्यात ती कडी, एकात एक. मी डावा डोळा झाकला. समोर नवरा दारात उभा होता, म्हणजे असणार. मला तिथे एक करडा डाग दिसला.

"अहो," मी म्हणाले, "गाडी काढा. मला उजव्या डोळ्याने तुम्ही दिसत नाही आहात."

लग्नसराई होती. खातीपुऱ्याच्या रस्त्यावर एक वरात आडवी आली आणि आम्ही अडकलो. बँड वाजत होता. दोन्ही बाजूंनी बायका डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन चालत होत्या, आणि माझ्यासाठी त्या प्रत्येक दिव्याभोवती निळं तांबडं कडं होतं. कडी एकमेकांत शिरत होती, हलत होती, गाडीच्या काचेवर येऊन फुटत होती. जितका रंग मी आयुष्यभर शोधला तितका सगळा त्या रस्त्यावर होता. मी डोळे गच्च मिटले. मग वाटलं, मिटले म्हणजे अंधार, आणि उघडले.

"बाबा, हॉर्न वाजवा ना!" लेक मागून ओरडली.

"बँडपुढे माझा हॉर्न कुणाला ऐकू येणार?"

ती दार उघडून उतरली. घोड्यापुढे नाचणाऱ्या लोकांत शिरून तिने हात जोडले आणि माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. काय बोलली कोण जाणे. नाचणारे बाजूला झाले, दोन काकांनी हाताने रस्ता मोकळा केला. ती परत बसली तेव्हा धापा टाकत होती.

"काय सांगितलंस त्यांना?" नवऱ्याने विचारलं.

"म्हटलं, मम्मीची आँख जातेय."

मी ते वाक्य मोठ्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने डोळ्यावर यंत्र टेकवून दाब मोजला आणि पुन्हा मोजला. पहिला आकडा खटकला म्हणून दुसऱ्यांदा मोजणारी माणसं मला ओळखता येतात, मीही तेच करते. सलाईन लावलं, थेंब घातले, गोळ्या दिल्या.

"परिवार में किसी को काला मोतिया था?" तिने विचारलं.

काचबिंदूला इकडे काला मोतिया म्हणतात. "पिताजी को," मी म्हणाले.

माझा प्रकार वडिलांपेक्षा वेगळा होता. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट मुळातच अरुंद, अंधारात बाहुली मोठी झाली की ती बंद व्हायची, दाब चढायचा, बुबुळावर पाणी धरायचं आणि मग दिव्यांभोवती कडी दिसायची. सर्दीच्या गोळीने त्यात भर घातली.

"आप अंधेरे में बैठकर कोई काम करती हैं?"

"काँच देखती हूँ."

"काँच?"

"पुराने लॅम्प की शेड. टॉर्च से."

"झुककर?"

"झुककर."

"तो अब दिन में देखिए," ती म्हणाली. "खडे होकर."

दाब उतरायला रात्र गेली. बुबुळावरचं धुकं निवळल्यावर लेझरने बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या कडेला बारीकसं छिद्र पाडायचं ठरलं, पाण्याला दुसरी वाट म्हणून. मग डाव्या डोळ्यालाही, कारण तोही तसाच घडलेला होता. हनुवटी टेकवून, कपाळ पट्ट्याला लावून बसले. हलायचं नाही, असं सांगितलं होतं. मी हलले नाही. लेझरचा टकटक आवाज होता. प्रत्येक आवाजाला मला कराडचं ताट दिसत होतं, आमटीची वाटी, आणि आईने धरलेलं वडिलांचं मनगट.

डोळा वाचला. मोठे डॉक्टर म्हणाले की डोळ्यामागच्या नसेची थोडी कड गेली आहे, गेली ती परत येणार नाही, उरलेली सांभाळायची. दाब मोजायला येत राहायचं. मी विचारलं, परत होईल का? ते म्हणाले, शक्यता कमी. माझा सगळा धंदा 'शक्यता कमी' या दोन शब्दांवर चालतो. त्यांचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

आता घरात आमटीची वाटी ताटाच्या उजवीकडे ठेवली की मी आधी डावा डोळा झाकून बघते. नवरा ते बघतो. पित्ताचा विषय त्याने त्यानंतर घरात काढलेला नाही.

दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी जाणार नव्हते. लेक म्हणाली, मी येते, चल. भर दुपारी गेलो. मी मागच्या खोलीत जायला नकार दिला.

"माल बाहर लाइए," मी म्हणाले.

"बाहर? धूप में? मॅडमजी, आप तो अंधेरे की खिलाडी थीं."

"डॉक्टर ने मना किया है."

"और वो बाथरूमवाली कैसी लग रही है?"

"सादी," मी म्हणाले.

"मैंने तो पहले ही कहा था," तो म्हणाला आणि आतून एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेड घेऊन आला. दुकानाच्या पायरीवर, उन्हात, त्याने कागद सोडला.

सोनेरी होती. कडेकडेला निळी होत गेलेली, मध्येच विरलेली, आणि खाली जांभळ्याची एक लाट. पूर्वी अशा वेळी मला आनंद व्हायचा आणि तो लपवण्यात वेळ जायचा. या वेळी मी हात मागे घेतला. रंग दिसले म्हणजे काय, हे मला आता ठाऊक होतं.

डावा डोळा झाकला. रंग होते. उजवा झाकला. होते. कडेवरून बोट फिरवलं, खरखरीत. शेड उचलून उन्हासमोर धरली, उजेड आरपार आला, आणि रंग गेले. मधासारखी पिवळी काच उरली. खाली आणली, रंग परत आले. सगळ्या खुणा जुळत होत्या. तरी माझं मन मानेना. दुकानदार पान चघळत माझा चेहरा वाचत होता. तिथे उभं राहून तोंड मिटून ठेवायचं, हाच कायदा. पण मागच्या वेळी मी तोंड मिटलं होतं.

"तुला रंग दिसतोय का?" मी लेकीला विचारलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तिने चष्मा पुसला, खाली बसली, शेड एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या बाजूने. ती मस्करी करतेय का घाबरलीय हे मला कळेना. मला वाटलं, आता ही 'नाही' म्हणणार आणि मी इथेच पायरीवर बसणार.

"दिसतोय," ती म्हणाली. "निळा. आणि खाली जांभळा. आई, मस्त आहे गं."

"कुठे जांभळा? हात लावून दाखव."

तिने बोट टेकवलं. मला दिसत होता तिथेच.

"सुंदर आहे," मी मोठ्याने म्हणाले, आणि मग दुकानदारालाही सांगितलं, "बहुत सुंदर है."

तो पान चघळायचा थांबला. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून असं काही त्याने ऐकलं नव्हतं. मग त्याने शेड हळूच स्वतःच्या बाजूला सरकवली.

"मॅडमजी," तो म्हणाला, "अब तो दाम बढ गया."